प्रोसेसर शाबूत आहे

मे महिन्यातल्या वळवाच्या विजेनं माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड नेला. पन्हाळ्यावर वळीव चढताना दुपारपासून दिसत असतो. पूर्वेला जोतिबाच्या डोंगरावर ढग साचतात, वारा पडतो, तापलेल्या जांभ्याला एक वास सुटतो आणि पुसाटी बुरुजापर्यंत सगळा गड बघता बघता काळवंडतो. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. वीज लांब कुठंतरी दरीत पडली असणार. तिचा धक्का इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतून आत आला.

हा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला पहिला, 2013 सालचा. त्याआधी कॉम्प्युटर म्हणजे दुकानदारानं आणून ठेवलेली बंद पेटी. या पेटीचा एकेक स्क्रू मी पिळला, पॉवर स्विचच्या बारीक वायरी बॅटरीच्या उजेडात एकेका पिनेवर बसवल्या. बटण दाबल्यावर पंखा फिरला, पडद्यावर पहिली पांढरी अक्षरं उमटली. तो आनंद पुढं विकत आणलेल्या कुठल्याही वस्तूनं मला दिला नाही. म्हणून हा बंद पडल्यावर त्यातलं काय गेलं आणि काय राहिलं, ते मलाच शोधायचं होतं.

एसएमपीएसच्या 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला टेकवली, पंखा फिरला. म्हणजे वीज देणारा जिवंत. रॅम शेजारच्या मशीनमध्ये चालली. प्रोसेसर कोल्हापुरात एका ओळखीच्या कारागिरानं दुसऱ्या बोर्डावर बसवून पाहिला आणि म्हणाला, ‘‘सर, प्रोसेसर शाबूत आहे.’’ राहिला बोर्ड. भिंग लावून पाहिलं, तर लॅनच्या पोर्टामागच्या चिपवर एक बारीकसा काळा फोड आला होता, आणि त्याच्या कडेला तांब्याची रेघ उघडी पडली होती. एवढ्याशा जागेतून सगळं गेलं.

कोल्हापूर हे यंत्राला सहजासहजी मरू न देणारं गाव. शिवाजी उद्यमनगरात जुन्या यंत्राचा मोडका भाग घेऊन जा, लेथवर नवा घडवून मिळतो. मूळ कारखाना बंद पडलेला असला तरी. मदरबोर्डाचं तसं नाही. त्याच्या पाटीत तांब्याचे चार-सहा थर एकावर एक दाबलेले असतात आणि रस्ते त्या थरांच्या पोटातून गेलेले असतात. ते लेथवर घडत नाहीत. वरची चिप बदलून काही बोर्ड उठतात. माझा उठला नाही. बदलीच शोधायची होती.

नवा कॉम्प्युटर जोडताना बोर्डाची निवड सोपी असते, कारण तेव्हा सगळंच मोकळं असतं. बदलीचा बोर्ड घेताना हातात उरलेल्या प्रत्येक भागाला विचारावं लागतं की बाबा, तू कुठं बसशील? रॅम डीडीआर-3, तिची खाच डीडीआर-4 च्या जागेत जात नाही. कॅबिनेट लहान, तर बोर्ड 244 मिलिमीटरच्या चौकोनातला मायक्रो-एटीएक्सच हवा. आणि प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-3 3220, 2012 सालचा, 55 वॅटचा. त्याला लागतं 1155 चं सॉकेट.

इंटेलच्या या सॉकेटांची नावं टोकांच्या संख्येवरून पडली. 2009 साली 1156, 2011 साली 1155, 2013 साली 1150, 2015 साली 1151. आकडे सख्ख्या भावंडांचे, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. या सगळ्या बोर्डांवर पंख्याची चार भोकं मात्र त्याच 75 मिलिमीटरच्या चौकोनात राहिली. म्हणजे जुना पंखा नव्या बोर्डावर चालतो आणि चांगला चालता प्रोसेसर बाहेर राहतो. एएमडीनं एएम-4 हे एकच सॉकेट 2017 पासून रायझनच्या अनेक पिढ्यांसाठी चालवलं, तेव्हा इंटेलला हे करता येत नव्हतं असं मी मानत नाही. दर दोन वर्षांनी जागा बदलायची, आणि त्यापायी शाबूत वस्तू कचऱ्यात जायची, याचा मला मनापासून राग आहे.

राजारामपुरीतल्या दुकानदारानं सरळ सल्ला दिला. ‘‘जुन्याच्या मागं कशाला लागलाय सर? बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळाच सेट बदलून टाका की!’’ त्याचं बोलणं खोटं नव्हतं. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते, माझा प्रोसेसर तिसऱ्या पिढीतला. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पण मला या मशीनवर मराठीत लिहायचं असतं, जुनी कागदपत्रं स्कॅन करायची असतात, गडावरचे फोटो लावून ठेवायचे असतात. लिनक्सवर हे सगळं निवांत होतं.

मग दोन वाटा उरल्या. एच-61 हा 2011 सालचा चिपसेट आजही अनोळखी नावांच्या नव्याकोऱ्या बोर्डांवर विकायला येतो. डबा नवा, पावती नवी. पण त्यात सॅटाचा वेग 3 गिगाबिटवर थांबतो आणि यूएसबी-3 चिपसेटातच नाही. दुसरी वाट बी-75 च्या वापरलेल्या बोर्डाची. हा 2012 सालचा, तिसऱ्या पिढीसोबतच आलेला, त्यामुळं बायोसची कटकट नाही. यूएसबी-3 आहे, आणि 6 गिगाबिटचं एक सॅटा पोर्ट आहे, एसएसडीला तेवढं पुरतं. कारागिराकडं असा एक बोर्ड मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आला होता. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ऑफिसांनी काढून टाकलेल्या डेस्कटॉपांचे कितीतरी बोर्ड तिथून पुन्हा कामाला लागतात.

कारागिरानं सॉकेटवरचं काळं झाकण उचललं आणि बोर्ड उजेडात तिरका धरला. प्रोसेसरच्या पोटाला नुसते सोनेरी ठिपके असतात. टोकं सगळी बोर्डाच्या बाजूला. वारा गेल्यावर उसाची पाती झुकतात तशा 1155 पिना ओळीओळीनं झुकलेल्या. सगळ्या ओळींवरून उजेड सारखा सरकला, कुठं अडला नाही. म्हणजे एकही वाकलेली नव्हती. कपॅसिटरांची डोकी सपाट होती. त्यानं माझा प्रोसेसर अलगद ठेवला, खटका दाबला, रॅम लावली, आणि पडद्यावर 3220 हा आकडा आला. मी तोच बोर्ड घेतला.

आता पन्हाळ्याचं हवामान. जून लागला की धुकं घरात शिरतं, कपडे दोरीवर वाळत नाहीत, उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढतो. इथल्या माणसांनी याच हवेत अंबरखान्याच्या जाड भिंतींत गडाचं धान्य कोरडं ठेवलं. मी कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी ते चालू ठेवतो. त्याची स्वतःची ऊब ओल धरू देत नाही. अर्थिंगचा खड्डा नव्यानं कोळसा-मीठ घालून भरला. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत पडतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून मार्चपासून त्यात बादलीनं पाणी ओततो. तांब्याची तार काढून फायबर घेतलं. काचेतून वीज वाहत नाही.

तुमच्याही घरात बोर्ड गेलेला एखादा कॉम्प्युटर माळ्यावर पडून असेल. भंगारवाल्याच्या तागडीत टाकण्याआधी त्याचा प्रोसेसर आणि रॅम सोडवून घ्या, प्रोसेसरवरचा आकडा वाचा आणि जवळच्या कारागिराकडं त्या सॉकेटचा बोर्ड आहे का, एवढं एकदा विचारा.