शरीराची शिदोरी

विद्यार्थी मित्रांनो, आपली मूठ आवळून पाहा. आपले हृदय साधारण तेवढेच असते. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर दिवसभरात ते एक लाखाहून अधिक वेळा धडधडते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते ज्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते, त्या आतून चरबी साचून अरुंद झाल्या की छातीत कळ येते, चालताना दम लागतो. काही रुग्णांवर मग शस्त्रक्रिया करावी लागते. पायातील शीर किंवा छातीतील धमनी घेऊन डॉक्टर रक्तासाठी नवी वाट तयार करतात. हिलाच आपण बायपास म्हणतो.

हृदय थांबवून त्यावर काम करायचे, तर तेवढा वेळ त्याचे काम दुसऱ्या कोणीतरी केले पाहिजे. ६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या मदतीने एक शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढे १९६७ मध्ये अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पायाची शीर वापरून बायपास केली आणि ही पद्धत जगभर पसरली.

हे सारे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकाल. मला तुम्हांला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. डॉक्टर आपले काम चार-पाच तासांत पुरे करतात. रुग्णाच्या शरीराचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. कापलेले हाड सांधायचे असते, जखम भरायची असते, जंतूंशी लढायचे असते. या लांबच्या प्रवासाला शिदोरी लागते. ती शिदोरी कोणती, हे आमच्या घराने अब्बांच्या आजारपणात जवळून पाहिले.

आमचे अब्बा मालेगावचे. चाळीस वर्षे त्यांनी यंत्रमागावर उभे राहून काम केले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागले. हृदयाचा त्रास आहे हे कळताच मोहल्ल्यातले सारे सल्लागार बनले. कोणी म्हणाले, “अंडे बंद.” कोणी म्हणाले, “दूध बंद, गोश्त बंद.” एकाने तर डाळही जड असते असे सांगितले. अब्बा साधे माणूस. त्यांनी एकेक पदार्थ सोडला. सकाळी चहा-खारी, दुपारी पातळ भात, रात्री पुन्हा चहा, असे काही महिने चालले. अम्मी आग्रह करी, तेव्हा ते म्हणत, “जेवढे कमी खाईन तेवढे दिलावर ओझे कमी.”

शस्त्रक्रियेसाठी आम्ही त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले, तेव्हा त्यांचे वजन ५० किलो होते आणि उंची १.६ मीटर. तुम्हीही हे गणित करून पाहा. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे. १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. ५० भागिले २.५६ म्हणजे सुमारे १९.५. या आकड्याला शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणतात. आपल्या देशातील प्रौढांसाठी १८.५ ते २२.९ हा आकडा ठीक मानतात. भाईजान खूश झाले. तक्त्याप्रमाणे अब्बा अगदी ठीक होते!

पण तेथील आहारतज्ज्ञ बाई तक्ता पाहून थांबल्या नाहीत. त्यांनी अब्बांच्या दंडाचा घेर मोजला. एक यंत्र हातात देऊन म्हणाल्या, “चाचा, जेवढे जोर लावून दाबता येईल तेवढे दाबा.” मग पाच मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला लावले आणि घड्याळ पाहिले. अब्बांना सात सेकंद लागले. रक्ताच्या तपासणीत अल्ब्युमिन नावाचे प्रथिनही कमी निघाले. यकृत ते तयार करते. आजारपणानेही ते घटते, म्हणून त्या एकट्या आकड्यावर निकाल देता येत नाही. पण बाकीच्या खुणांशी तो जुळत होता. अब्बांचे हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले होते. काट्यावर जे ५० किलो दिसत होते, त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त होती.

मित्रांनो, काटा वजन सांगतो. ते वजन कशाचे, हे सांगत नाही. याचे एक सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये आपली स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी लपलेली असू शकते, हे जगाला त्यावरून सहज समजले.

स्नायू एवढे महत्त्वाचे का? स्नायू केवळ ओझी उचलण्यासाठी नसतात. ती प्रथिनांची साठवण आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराला दुरुस्तीसाठी प्रथिने लागतात. पोटातून ती मिळाली नाहीत, तर शरीर आपलेच स्नायू मोडून ती वापरते. जणू घर दुरुस्त करण्यासाठी घराच्याच भिंतीच्या विटा काढाव्यात! शिवाय अंथरुणावर पडून राहिल्यानेही स्नायू झिजतात. लंडनमधील डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातील फार आजारी रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दहा दिवसांत त्या स्नायूची जाडी-रुंदी जवळजवळ १८ टक्क्यांनी घटलेली आढळली. म्हणजे ज्याची शिदोरी आधीच थोडी, त्याच्यापाशी शेवटी काय उरणार?

हृदयाच्या शस्त्रक्रियेतही हेच दिसते. १९९९ मध्ये अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा निर्देशांक २० हून कमी होता किंवा ज्यांचे अल्ब्युमिन फार कमी होते, त्यांच्या जिवाला धोका अधिक आढळला. दुसरीकडे, ज्यांचा निर्देशांक ३० हून जास्त होता, त्यांच्या जखमा अधिक चिघळल्या. तेव्हा फार बारीक असणे चांगले नाही आणि फार लठ्ठ असणेही चांगले नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वयस्कर रुग्णांची चाल पाहिली होती. पाच मीटर चालायला ज्यांना सहा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, त्यांना शस्त्रक्रियेनंतर मृत्यूचा किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका सुमारे तिप्पट होता. साधी चालसुद्धा किती सांगून जाते!

डॉक्टरांनी आम्हांला बोलावून सांगितले, “यांना फार घाई नाही. दहा दिवस नीट खाऊ घाला, मग शस्त्रक्रिया करू.” भाईजान घाबरले. दहा दिवसांत काही झाले तर? अम्मी रात्रभर जागीच होती. शेवटी अब्बाच म्हणाले, “सूत कच्चे असेल तर माग चालवून काय उपयोग? धागा तुटणारच. आधी सूत पक्के होऊ द्या.” जन्मभर मागावर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट आमच्या आधी समजली.

आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडून दिला. निरोगी माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून थोडे कमी प्रथिन पुरते. अशा रुग्णाला मात्र सव्वा ते दीड ग्रॅम लागते. म्हणजे अब्बांना साधारण ६० ते ७५ ग्रॅम. अब्बांचे मूत्रपिंड चांगले होते, म्हणून हे चालले. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार असतो, त्यांचा हिशेब वेगळा असतो. तो डॉक्टरच सांगतात. हे प्रथिन कुठून आणायचे? एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत ६ ते ७ ग्रॅम, मूठभर फुटाण्यांत ५-६ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीच्या मांसात सुमारे २० ग्रॅम. पाहा, यांत महागडा डबा कुठेच नाही! सारे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. तेल-तूप बेताचे, मीठ कमी आणि तळण बंद, एवढे पथ्य सांभाळायचे होते.

त्या दहा दिवसांत काटा फारसा हलला नाही. पण अब्बांच्या आवाजात जोर आला, चाल थोडी सुधारली. मग शस्त्रक्रिया झाली आणि अल्लाहच्या कृपेने ती नीट पार पडली.

खरी परीक्षा पुढे होती. छातीचे मधले हाड कापून ते तारेने बांधलेले होते. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. खोकला आला की अब्बा छातीशी उशी धरत. एका छोट्या यंत्रातील तीन गोळ्या श्वास ओढून वर उचलण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करत. हातांवर भार देऊन उठायचे नव्हते, म्हणून नमाज खुर्चीवर बसून पढत. भूक तर पळूनच गेली होती. “तोंडाला चवच नाही, बेटी,” असे ते म्हणत. अशा वेळी भरलेले ताट पुढे ठेवले की रुग्णाला आणखी नको वाटते. म्हणून अम्मी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे देई. कधी अंडे, कधी दही, कधी मऊ खिचडीत जास्तीची मुगाची डाळ. भेटायला येणारे लोक प्रेमाने यखनी आणत. यखनीने बरे वाटते, घसा ओला होतो. पण गोश्त बाजूला काढून नुसते पाणी प्यायले, तर प्रथिन थोडेच मिळते. अम्मी त्यातले मऊ गोश्त कुस्करून त्यातच घाली.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. त्याने एक वही केली. रोज सकाळी तो नानांचे वजन लिही, दिवसभरात काय खाल्ले ते लिही आणि गल्लीत किती फेऱ्या झाल्या तेही लिही. एके दिवशी तो धावत माझ्याकडे आला. तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले होते. घरातल्यांना आनंद झाला, की आता अंगी लागते आहे! पण वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांची सूचना त्याने उतरवून ठेवली होती. इतक्या झपाट्याने मांस वाढत नाही. वाढते ते पाणी. अब्बांच्या पायांवर सूजही होती. आम्ही लगेच डॉक्टरांना दाखवले. त्यांनी औषध बदलले आणि सूज उतरली. त्या मुलाची पाच रुपयांची वही त्या दिवशी मोठ्या कामाला आली.

पण नुसते खाऊन स्नायू परत येत नाहीत. वीट आणली तरी गवंडी हवाच. चालणे हा तो गवंडी. अब्बा पहिल्या आठवड्यात दारापर्यंत चालले, मग शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत, मग नुक्कडावरच्या दुकानापर्यंत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू झाला. तीन महिन्यांनी रुग्णालयात पुन्हा पाच मीटर चालायला लावले. पाच सेकंदांत ते पार! वजन मात्र फक्त दीड किलो वाढले होते. आता त्या आकड्याचे कोणाला काही वाटले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी वडीलधारे आजारातून उठत असतील. पथ्य म्हणजे उपाशी राहणे नव्हे, हे त्यांना प्रेमाने सांगा. काय सोडायचे हे विचारतो, तसेच काय खायचे हेही डॉक्टरांना विचारा. त्यांच्या औषधांची, वजनाची वही तुम्ही ठेवा. त्यांचा हात धरून रोज थोडे चाला. आणि स्वतःकडेही पाहा. हाडे आणि स्नायू घडण्याचे वय हेच आहे. डाळ-भाकरी सोडून पुड्यातल्या चटपटीत खाऊवर पोट भरू नका. मैदानावर धावा, खेळा. संकट दार ठोठावून येत नाही, आणि ते आल्यावर शिदोरी बांधायला वेळही मिळत नाही. ती आधीच बांधून ठेवावी लागते.