बोलावणं आणि येणं

आज अंगणवाडीत लसीकरण होतं. आशाताईंनी काल घरोघर सांगूनही काहीजणी आल्याच नाहीत. "खुरपणी सोडली तर आजचा रोज बुडतो," एकीच्या सासूनं सरळ सांगितलं. याला अज्ञान कसं म्हणायचं? हिशेब तर तिचा पक्का आहे.

मनात जामखेड आलं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं आरोग्याचं काम उभारलं, ते गावातल्याच बायकांना शिकवून. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती. पण कुठल्या घरात कोणाचा शब्द चालतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळाची देखभाल थेट घरात नेली. बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळंतिणीकडे आशाताई ४२व्या दिवसापर्यंत ६ वेळा जातात, त्यामागे हाच अनुभव आहे.

'बायका येत का नाहीत?' हा प्रश्नच मला आता उलटा वाटतो. त्यांना कोणत्या वेळी, कोणासोबत यायला जमेल, हे विचारायला हवं. सत्राची वेळ मजुरीआधी किंवा नंतर ठेवता येईल. बैठकीला सासूला, नवऱ्यालाही बोलावता येईल. दवाखान्यात जिच्यावर कुणी खेकसलं, ती पुन्हा फिरकत नाही, शेजारणीलाही अडवते. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळणं, हाही आरोग्यसेवेचाच भाग आहे.