तिथीचा हिशेब

दासगावची मावशी गेल्यावर माळ्यावरची तिची ट्रंक उघडली, तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या उग्र वासात, जुन्या पंचांगांच्या थप्पीखाली, मी एके काळी तिच्याकडे ठेवून गेलेली टाचणांची पुडकी सापडली. आणि प्रबंधाचे ते दुसरे प्रकरण, ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’, ज्याने माझ्या तारुण्याचा ऐन काळ खाल्ला, पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले.

विषय महाडच्या सत्याग्रहाचा होता. प्रत्येक ग्रंथास एक पत्र: वर कर्ता, सन आणि पृष्ठ, खाली कोणी कोणाचा आधार घेतला त्याची नोंद. खैरमोड्यांच्या आंबेडकर-चरित्राचे खंड, १९५४ चे धनंजय कीरांचे इंग्रजी चरित्र, १९६९ चा एलिनॉर झेलियट यांचा प्रबंध, अशी पत्रे लावता लावता ध्यानात आले की, माझ्या टाचणांत दासगाव एका वाक्यापुरतेच आहे. धरमतरच्या वाटेवरील मोटारवाले बहिष्कार घालतील या धास्तीने डॉ. आंबेडकर प्रतिनिधींसह २४ डिसेंबर १९२७ रोजी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगावास उतरले, आणि मंडळी महाडची वाट चालू लागली.

हे वाक्य मी मावशीस वाचून दाखविले, तेव्हा तांदूळ पाखडता पाखडता तिने सूप खाली ठेवले आणि विचारले, “तिथी कोणती रे?” तिचे वडील मचव्यावर तांडेल होते. “खाडीत बोट माणसांच्या सोयीने येत नाही, पाण्याच्या सोयीने येते,” असे म्हणून तिने त्यांनी जपलेले शके १८४९ चे पंचांग काढले. आदल्या दिवशी अमावास्या, त्या दिवशी पौष शुद्ध प्रतिपदा. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ येते, या कोकणी हिशेबाने उधाणाची पूर्ण भरती पाऊण वाजता. म्हणजे बोट चढत्या पाण्याबरोबर वर आली. बोटांच्या पेरांवर तिने हे मांडले, आणि पुन्हा सूप हाती घेतले.

दासगावास इतिहास नाही असे नव्हे. १७५६ च्या तहाने बाणकोटाबरोबर हे गाव कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेले, ही हकीकत गॅझेटियरात आहे आणि तीही मी प्रकरणात कोंबली होती, जिचा सत्याग्रहाशी काडीचाही संबंध नव्हता. ती मात्र माझ्या मार्गदर्शकांनी राहू दिली. मावशीची भरती त्यांनी तांबड्या शाईने खोडून समासात लिहिले: ‘आधार?’ आधाराचा आग्रह गैर होता असे मी आजही म्हणणार नाही. परंतु एका ग्रंथाने दुसऱ्याचे वाक्य उचलले की तो आधार, आणि खाडीने स्वतः साक्ष दिली की ती ऐकीव गोष्ट, हा न्याय मला त्या वेळी पटला नाही व अद्यापि पटलेला नाही. महाडास परिषद भरविण्याच्या खटपटीत जे अग्रभागी होते, ते लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे १९७२ साली निवर्तले. त्यांचे आत्मकथन त्यानंतर कित्येक वर्षांनी ग्रंथरूपाने आले. तोवर या मुलुखातल्या माणसाची आठवणही माझ्या मावशीइतकीच निराधार ठरली असती.

पुढे नोकरी झाली, पुष्कळ विद्यार्थ्यांचे आढावे तपासले, आणि त्यांच्या समासांत तोच प्रश्न मीही लिहीत आलो. फक्त शाई निळी वापरली.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली होते, तेव्हा आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. सावित्रीचा पूर आणि खाडीची भरती यांची गाठ पडली की पाण्यास उतरायला वाव राहत नाही, हे बाजारपेठेतला दुकानदारही सांगतो. गाळ, पूल, धरणे यांवर आता अहवाल निघतात, अहवालांवर अहवाल निघतील, आणि कोणी उमेदवार त्यांचा आढावा लिहावयास बसेल. त्याने खुशाल सगळे ग्रंथ वाचावेत; पण मेजावर एक पंचांग ठेवावे, आणि समासात कोणी ‘आधार?’ म्हणून विचारले, तर बेलाशक तिथी लिहून मोकळे व्हावे.