पंप धुतलेलं पाणी

धुऱ्याशी बसून एकजण फवारणीचा पंप धूत होता. तीनदा विसळला, तिन्ही वेळा पाणी नाल्यात. दुधट, उग्र वासाचं. पुढे शंभर पावलांवर म्हैस उभी होती. 2017 च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात वीसजण तरी दगावले. तेव्हा मास्क-हातमोज्यांवर मीही बोललो. या पाण्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

*

असं पाणी साफ करायला टायटॅनियम डायऑक्साइड वापरता येईल, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातली भुकटी. ती अर्धवाहक आहे. अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते आणि ते मूलक कीटकनाशकाचा रेणू तोडत नेतात. पण उडालेला इलेक्ट्रॉन बहुतेकदा लगेच माघारी येऊन त्याच जागेत पडतो. प्रकाश वाया.

*

ग्राफीन हवं ते इथे. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. इलेक्ट्रॉन त्यावर निघून जातो, जागा कामाला मोकळी राहते. मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केलेले प्रशांत कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अमेरिकेत हे डोळ्यांना दिसेल असं केलं. इथेनॉलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे कण, ग्राफीन ऑक्साइड, वरून अतिनील प्रकाश. तपकिरी द्रव काळा पडत गेला. इलेक्ट्रॉन पोचल्याची ती खूण.

ग्राफीन जास्त झालं तर मात्र तेच प्रकाश गिळतं. शेकडा एक-दोन भाग बहुधा पुरतात.

*

या भुकटीच्या बऱ्याच चाचण्या मेथिलीन ब्लू या रंगावर होतात. निळा रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नाही. काही रंग ग्राफीनला नुसता चिकटतो. म्हणून आधी अंधारात ढवळून बघायचं आणि शेवटी पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजायचं. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक अर्धवट तुटलं तर जास्तच वाईट: त्यातून होणारा ऑक्सॉन मूळ औषधाहून विषारी. आपल्या वावरासाठी चाचणी औषधावरच हवी.

*

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या पाण्यातलं फ्लोराइड मात्र या भुकटीने जाणार नाही. तो सुटा आयन, त्यात तोडायला काही नाही.

*

उन्हात अतिनील जेमतेम शेकडा चार-पाच. त्यात फवारणी ऐन पावसाळ्यात, पोळ्याच्या आगेमागे, आभाळ भरलेलं. कॅडमियम सल्फाइड दिसणाऱ्या प्रकाशातही चालतं, पण वावरात कॅडमियम आणायला मी तयार नाही. त्यापेक्षा धुवण ड्रममध्ये साठवावं आणि ऑक्टोबरच्या उन्हात उथळ ट्रेमध्ये पसरावं. भुकटी काचेवर पक्की बसवलेली हवी, नाहीतर तीही नाल्यात जाईल.

*

पंप धुणाऱ्याला विचारलं, पाणी ड्रममध्ये ठेवशील का?

"ठेवतो ना भाऊ. पण ड्रमाले झाकण पायजे. लेकरं हात घालतात."