एकदा दरेकशाला उतराच!

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरच्या वाटेवर असं एखादं ठिकाण आहे का, जे वर्षानुवर्षं गाडीच्या खिडकीतून पाहिलंत, मुलांना बोट करून दाखवलंत, पण तिथं उतरला मात्र कधीच नाहीत? माझ्या वाटेवर होतं. माझं माहेर गोंदियाचं आणि सासर रायपूरचं. मुंबई-हावडा लोहमार्गावर गाडीने गोंदिया सोडलं की आमगाव जातं, सालेकसा जातं, भाताची सपाट शेतं मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येऊ लागतात. मग येतं दरेकसा नावाचं लहानसं स्टेशन, पाठोपाठ बोगदा, आणि झाडीतून क्षणभर दिसणारी एक पांढरी रेघ. तो हाजरा धबधबा. लेक लहान होती तेव्हा बोगद्यात किंचाळायची आणि धबधबा दिसला की टाळ्या वाजवायची. एवढ्यात डोंगरगड येई. बमलेश्वरीला हात जोडायचे, की झालं, सासरचे वेध लागले!

असं २२ वर्षं चाललं. उतरायचं मनात कधी आलं नाही, असं नाही. पण एक्स्प्रेस गाड्या दरेकशाला थांबत नाहीत. शिवाय हातात पिशव्या, फराळाचे डबे, झोपाळलेलं मूल. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. नक्षलवाद्यांच्या बातम्यांच्या त्या वर्षांत सालेकशाच्या जंगलाचं नाव काढलं की घरची माणसं मानेनेच नाही म्हणत. "त्या डोंगरात आहे काय बघायला?" हे वर.

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि दादाच म्हणाला, "आता गाडी आहे, मुलं मोठी झाली आहेत. चला, कचारगड पाहून येऊ." आई ७१ वर्षांची, तिचे गुडघे कुरकुरणारे. ती म्हणाली, "मी खाली बसेन, पण येणार." दादा, वहिनी, भाचा, माझी लेक, आई आणि मी असे सहाजण निघालो.

गोंदियाहून कचारगड साधारण ५०-५५ किलोमीटरवर आहे. आमगाव, सालेकसा करत रस्ता धनेगावला येतो. हे गाव अगदी गडाच्या पायथ्याशी. दिवस भातकापणीचे होते. बांधाबांधावर बायका वाकलेल्या, धानाच्या पेंढ्या रचलेल्या, हवेत ओल्या तणसाचा वास. घरांच्या भिंती सारवलेल्या, अंगणं अशी स्वच्छ की चपला काढून चालावंसं वाटावं. वहिनी हळूच म्हणाली, "आपल्या फरश्यांना लाजवतात हो!"

गावापासून चढण सुरू होते. काही ठिकाणी पायऱ्या आहेत, काही ठिकाणी नुसते दगड. ऐन, तेंदू, मोह, बांबू अशी दाट झाडी असल्याने ऊन लागत नाही. वाटेत काली कंकाली मातेचं ठाणं लागतं. सप्तरंगी झेंडे वाऱ्यावर फडफडत होते. तिथं आई टेकली. वहिनी तिच्याजवळ थांबली आणि आम्ही चौघं पुढे निघालो.

दम खात, पाणी पीत वर पोचलो आणि समोर पाहून चौघंही गप्प झालो. डोंगराने आ वासावा तसं ते गुहेचं तोंड! आपण लेणी पाहतो ती माणसाने छिन्नीने कोरलेली असतात. ही कोणी कोरलेली नाही. ही निसर्गाचीच करणी. आत पाऊल टाकलं की अंगावर गार हवा येते. ओल्या दगडाचा आणि वाघळांचा वास येतो. डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग हळूहळू छत कळतं, ते इतकं उंच की मान दुखावी. आशियातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक गुहांत हिची गणना होते असं इकडे सगळेच सांगतात. मी काही मोजपट्टी घेऊन गेले नव्हते, पण आत उभं राहिल्यावर आपण किती लहान आहोत हे मात्र बरोबर मोजलं जातं!

आता मुलांची जात. भाच्याने तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली. आवाज घुमून परत आला. लेकीने दुसरी ठोकली. मग मोबाइलवर गाणं लागलं. मीही हसत होते, हे कबूल करते. इतकंच नव्हे, तर चिवड्याची पिशवी फोडून मी तो मुलांच्या हातावर घातला आणि रिकामी पिशवी शेजारच्या दगडावर ठेवली.

तेवढ्यात अंधारातून एक म्हातारी पुढे आली. ती आधीपासून तिथं बसली होती. आम्हीच तिला पाहिलं नव्हतं. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरलेली, दंडावर गोंदण, बोटाला धरलेला नातू. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हळू बोला जी, बाई. इथं आमची लेकरं कोंडली होती."

मैत्रिणींनो, गाणं आपोआप बंद झालं. मी विचारलं, "कोणाची लेकरं, आजी?" तेव्हा तिने खाली बसून सगळी हकिकत सांगितली. नंतर मी इतरांकडूनही ती ऐकली. सांगणाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण गाभा एकच आहे.

काली कंकालीची ३३ मुलं होती. जंगो रायताड नावाच्या मातेने त्यांना आपल्याजवळ ठेवून वाढवलं. मुलं वांड निघाली, तेव्हा शंभूने त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडावर भली मोठी शिळा लावली. बाहेर आई आक्रोश करू लागली, आत मुलं रडू लागली. पुढे पारी कुपार लिंगो आला. हाच गोंडांचा आद्य गुरू. त्याच्याबरोबर हिरासुका पाटालीर हा वादक होता. त्याने किंगरी नावाचं तंतुवाद्य वाजवलं. ते सूर ऐकून आतल्या मुलांच्या अंगी बळ आलं. आतून मुलांनी आणि बाहेरून वादकाने जोर लावला, शिळा हलली आणि मुलं सुटली. पण गडगडत्या शिळेखाली तो वादक मात्र गेला. सुटलेली मुलं लिंगोची शिष्य झाली आणि त्यांच्यापासून गोंड समाजाची घडण झाली, असं ही परंपरा मानते.

"म्हणून आम्ही इथं येतो," आजी म्हणाली. "आमचं सगळ्यांचं हे माहेरच हो."

माहेर! हा शब्द ऐकला आणि माझा हात त्या चिवड्याच्या पिशवीकडे गेला. मी ती उचलून पर्समध्ये कोंबली. दुसऱ्याच्या माहेरी, त्याच्या देवघरात बसून आम्ही आरोळ्या ठोकत होतो आणि कचरा टाकत होतो. आमच्या बमलेश्वरीच्या गाभाऱ्यात कोणी असं केलं असतं, तर आम्ही काय म्हटलं असतं?

परत काली कंकालीच्या ठाण्याशी आलो तर आई एकटीच हात जोडून बसलेली. तिला हकिकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जन्म दिला ती आई, वाढवलं ती आई, आणि सोडवायला प्राण दिला तो परका. केवढी मोठी गोष्ट या डोंगरात आहे, आणि आपण ७० वर्षं शेजारी राहून ऐकली नाही!"

आईचं बोलणं मला लागलं. गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या द्रविड कुळातली भाषा. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ३० लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. या लोकांच्या कथा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिल्या. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या गावोगाव फिरून लिहून काढल्या. १९८० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कचारगडाची यात्रा पुन्हा संघटितपणे सुरू केली. सुरुवातीला मोजकीच माणसं होती. कंगाली २०१५ साली गेले. आज माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा कितीतरी राज्यांतून लाखो गोंड बांधव इथं येतात.

आणखी एक गोष्ट सांगते. गोंडांत ७५० कुळं मानतात, आणि प्रत्येक कुळाने एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी आपला मानून त्याला राखायचं असा रिवाज आहे. तो त्यांनी तोडायचा नाही, मारायचा नाही. आपण "काय सुंदर जंगल आहे!" म्हणतो, ते सुंदर राहिलं त्यामागे कोणाची तरी पिढ्यान् पिढ्यांची शिस्त आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

येताना दरेकशाजवळ हाजरा धबधब्याला गेलो. २२ वर्षं खिडकीतून पाहिलेली ती पांढरी रेघ जवळून केवढी मोठी निघाली! पाऊस संपून महिना झाला होता, तरी पाणी पडत होतं. गावच्या वन समितीची मुलं तिथली देखरेख करतात. तुषार अंगावर घेत आम्ही दशम्या खाल्ल्या. तेवढ्यात वरून गाडी धडधडत गेली. लेक हात हलवत ओरडली, "आई, बघ, त्या गाडीत आपणच आहोत!"

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणं उत्तम. डोंगर हिरवा असतो आणि धबधब्यालाही पाणी असतं. ऐन पावसाळ्यात दगड निसरडे होतात. यात्रेचा सोहळा पाहायचा असेल तर माघ पौर्णिमेला जावं, पण तेव्हा फार गर्दी असते, लहान मुलांना सांभाळावं लागतं.

सकाळी लवकर गड चढावा आणि दुपारी धबधब्यावर यावं. आगगाडीने जायचं तर गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर दरेकशाला थांबते. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवावी. वाटेची, हवामानाची चौकशी सालेकशाला करून मगच पुढे जावं, आणि अंधाराच्या आत खाली उतरावं.

पायात कॅनव्हासचे बूट हवेत. साडी नेसायचीच असेल तर सुती आणि आखूड नेसावी. माणशी एक बॅटरी आणि दोन बाटल्या पाणी घ्यावं. गुडघेदुखी असलेल्यांनी वरपर्यंतचा हट्ट धरू नये. खालच्या ठाण्याशी बसूनही मन भरतं, माझी आई साक्षीला आहे.

खायला गुळाच्या दशम्या, जवसाची चटणी आणि लिंबाचं लोणचं घ्या. हे दिवसभर टिकतं. सगळं स्टीलच्या डब्यांतून न्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, कागदी ताटल्या नकोतच. एक रिकामी कापडी पिशवी मात्र जरूर न्या. आपला कचरा त्यातून परत येईल, आणि दुसऱ्याचा दिसला तर तोही. मी परतताना ती भरून आणली. तेवढंच प्रायश्चित्त!

सवड दोन-तीन दिवसांची असेल तर याच जिल्ह्यातलं नवेगावबांधचं तळं आणि नागझिऱ्याचं जंगलही पाहून घ्या. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. महाराष्ट्रात इतरत्र अगदी दुर्मीळ झालेले सारस पक्षी गोंदियाच्या धानशेतीत अजून जोडीजोडीने फिरताना दिसतात. नशीब असेल तर तेही भेटतील.

गड उतरताना धनेगावच्या वाटेवर ती आजी पुन्हा भेटली. मी हात जोडले आणि तिच्याकडूनच शिकलेलं म्हटलं, "जय सेवा, आजी." ती हसली. "जय सेवा. पुढच्या खेपेला पोरांना घेऊन घरी या जी, चहा घ्या," म्हणाली.

यंदा दिवाळीला माहेरी जाताना पॅसेंजरनेच जायचं ठरवलं आहे. आजीसाठी फराळाचा एक डबा वेगळा काढून ठेवणार आहे. स्टीलचा, बरं का!