शांतिपर्वाची कादंबरी

मुक्काम गडचिरोली

चि. भाच्यास,


तुझे पत्र पावले. युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या वाट्याला पुढे जे आयुष्य येते, त्यावर कादंबरी लिहिण्याचा तुझा मानस वाचून समाधान वाटले; मात्र नायकाच्या शोधार्थ सातारच्या फौजी गावांकडे किंवा परदेशी ग्रंथांकडे वळण्यापूर्वी मामाच्या या मुलखाकडे एकवार नीट पाहावेस, एवढे सुचविण्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

लढाईच्या कथेला वाचक चटकन मिळतो. लढाई सरल्यानंतरच्या कथेची तो फारशी विचारपूस करीत नाही. रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धातील खंदकांवरची कादंबरी 1929 साली पुस्तकरूपाने आली आणि जगभर गाजली. तेच तरुण घरी परतल्यावर कसे उपरे ठरले, हे सांगणारी त्याची 1931 ची कादंबरी मात्र पहिलीच्या सावलीतच राहिली. व्यासांनी असा पक्षपात केलेला नाही. अठरा दिवसांत युद्ध आटोपल्यावर त्यांनी जे शांतिपर्व रचले, ते महाभारतातील सर्वांत दीर्घ पर्व होय, आणि त्याच्या आरंभीच विजयी युधिष्ठिर शोकाकुल बसलेला आहे; कारण शत्रू म्हणून ज्याचा वध झाला तो कर्ण आपला सख्खा थोरला भाऊ होता, हे त्याला उशिरा कळले आहे, आणि हाती आलेले राज्य टाकून वनात निघून जावे, असा त्याचा हेका आहे.

आता इकडे पाहा. 1982 च्या ऑगस्टात चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्याच सुमारास नक्षलवाद्यांची दलमे, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकड्या, या रानात पाय रोवीत होती. आणि 1990 साली त्यांच्या बंदोबस्तासाठी पोलिसांनी जे सी-60 पथक उभारले, त्यात मुद्दाम इथलेच आदिवासी तरुण घेतले, कारण इथल्या पायवाटा आणि इथली माडिया-गोंडी बोली बाहेरच्या शिपायाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. 2009 साली लाहेरीपाशी 17 पोलीस पडले. 2019 च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्याच्या सुरुंगात 15 जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. 2021 च्या नोव्हेंबरात मर्दिनटोल्याच्या जंगलात पुढारी मिलिंद तेलतुंबडे धरून पंचवीसहून अधिक नक्षलवादी मारले गेले. दलमांचे पुढारी पुष्कळदा परप्रांतीचे असत. परंतु बंदुकीच्या दोन्ही टोकांना एकाच तालुक्यातली, एकच बोली बोलणारी पोरे उभी ठाकण्याचा प्रसंग येथे वारंवार आला. कर्णाचे दुःख या रानात असे घरोघर वाटले गेले आहे.

माणूस दलमात का जातो, याचा शोध हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घालविलेल्या विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीत घेतला. तुझे काम तो परत आल्यावर सुरू होते. 15 ऑक्टोबर 2025 रोजी भूपती या नावाने ओळखला जाणारा नक्षलवाद्यांचा बडा पुढारी 60 साथीदारांसह येथे मुख्यमंत्र्यांपुढे हजर झाला. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. त्या समारंभाचे वर्णन तू वर्तमानपत्रांवर सोपव आणि आपले पहिले प्रकरण दुसऱ्या दिवसापासून आरंभ कर.

दुसऱ्या दिवशी दप्तर उघडते. ज्या माणसाला वर्षानुवर्षे दलमातल्या टोपणनावाने हाक मारली गेली, त्याने आधारपत्र, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते यांसाठी आईबापांनी ठेवलेले नाव पुन्हा चालवायचे असते. दलमात लग्नाला मुभा असे, पण मुलाला नसे, म्हणून पुरुषांची नसबंदी करण्याचा शिरस्ता होता. शरण आल्यावर कित्येकांनी ती नस पुन्हा जोडून घेतली आणि त्यांच्या घरी पाळणे हलले. ऐन पस्तिशीत बाप होण्यासाठी इस्पितळाच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलेला तुझा नायक, आणि शेजारी तितकीच अवघडलेली त्याची बायको, यांच्यावर तू वीस पाने खुशाल खर्च कर. एखाद्या चकमकीच्या वर्णनापेक्षा तेथे लेखणीची कसोटी अधिक लागेल.

युधिष्ठिराला निदान वनात जाण्याची इच्छा तरी बाळगता आली. येथे वन हेच रणांगण असल्यामुळे या माणसाला वैराग्याची तीही वाट बंद आहे. मोहफुलाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत गावाकडची ओढ कितीही लागली, तरी जुने साथीदार त्याला फितूर मानणार. आणि ते उद्या निःशेष झाले, तरी गावाची स्मृती शाबूत राहणार. सी-60 मधून निवृत्त होणाऱ्या शिपायाची कैफियतही याहून फार निराळी नाही. म्हणून कित्येकांना जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या किंवा सरकारी घरात, शेजाऱ्यापासून पूर्वायुष्य झाकून, नवा संसार मांडावा लागतो.

एक गोष्ट मात्र बजावून ठेवतो. पश्चात्तापदग्ध नायकाविषयी कणव उत्पन्न करणे तुझ्यासारख्या कसबी लेखकाला जड नाही, आणि धोका तेथेच आहे. त्याच्याच गावात अशी एखादी बाई असेल, जिच्या नवऱ्याला खबऱ्या ठरवून दलमाने रात्री घरातून उठवून नेले आणि ज्याचे प्रेत सकाळी रस्त्यावर मिळाले. सरकारने माफी दिली ती सरकारपुरती. या बाईला त्या माफीविषयी कोणी विचारलेले नाही. तिला तुझ्या कादंबरीत बोलू दे, आणि नायकाला तिचे म्हणणे मध्येच न उठता शेवटपर्यंत ऐकायला लाव. तिने त्याला क्षमा केलीच पाहिजे असे नाही. लेखकाने ती परस्पर करून टाकणे तर मुळीच योग्य नाही. तिच्यावाचून लिहिलेले हस्तलिखित मजकडे धाडू नकोस. तिच्यासह लिहिलेस, तर कच्चे असले तरी धाड, मी अक्षरन् अक्षर वाचीन.

ताईस माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा