रुई ठेवू की विकू?

कापसाचा हंगाम लागला की बऱ्हाणपुरात मला एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो : ‘‘भाऊ, रुई ठेवू की विकू?’’ भावांची गणितं मांडणं हा माझा व्यवसाय. तेव्हा तेजी येणार की मंदी, हे मला ठाऊक असणारच, असं जिनिंगवाले धरून चालतात. मी मात्र एवढंच सांगतो, की महिनाभरात भाव बहुधा या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात राहील. ऐकणारा नाराज होतो.

दिशा सांगत नाही, त्याला कारण आहे. गणितज्ञ लुई बाशेलिए यांनी १९०० साली पॅरिसमध्ये सट्ट्याच्या गणितावर प्रबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा : प्रत्येक सौद्यात एक तेजीवाला असतो आणि एक मंदीवाला. दोघांचे अंदाज चालू भावात आधीच मुरलेले असतात. उद्या भाव चढणार हे सगळ्यांना कळलं, तर तो आजच चढेल. चालणारं सूत्र चार जणांच्या हाती पडलं की त्यातली कमाई आटते.

चढउतार किती मोठा, हा प्रश्न वेगळा. बाशेलिएंच्या गणितात मोठ्या उड्या फार विरळ होत्या. १९६३ मध्ये गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी हे खोडून काढलं, तेही कापसाच्याच जुन्या भावांवरून. मोठ्या उड्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. शिवाय एका मोठ्या हालचालीमागून दुसरी मोठी येत होती, मग ती वर असो की खाली. अशा अस्वस्थतेला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये सूत्रात बांधलं. माझा पट्टा त्याच घराण्यातला.

पट्टाही फाटतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला आणि मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात तेलाचा वायदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. भाव शून्याखाली जाणारच नाही, असं कित्येक सूत्रांनी मुळातच गृहीत धरलं होतं.

तरी जोखमीला आकडा लावणं बऱ्हाणपूरला नवं नाही. सतराव्या शतकात तावर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने नोंदवलंय : सुरतेवरच्या हुंडीला बट्टा आग्र्यात शेकडा चार ते पाच, बऱ्हाणपुरात अडीच ते तीन. वाटेत राजेरजवाड्यांची गडबड असली की दर चढायचा. वाट लुटली जाईल की नाही, हे सराफ सांगत नसे. तो फक्त धास्तीची किंमत लावायचा.

आजच्या दिशेमागे धावणाऱ्यांचा हिशेब बाजार नियामक सेबीने मांडलाय : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजारातल्या वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेबाजांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

म्हणून पट्टा रुंदावला की उलट मीच विचारतो : भाव खालच्या टोकाला गेला, तर बँकेचं व्याज कशातून भरणार? ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याने रुई खुशाल ठेवावी. ज्याच्याकडे नाही, त्याने थोडी आजच विकावी, उद्या तेजी आली तरी.